नाट्यशिबिराला जाण्यापूर्वी: विद्यार्थी नटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायस्कूलच्या वयातली मुलं-मुली पहिल्यांदा नाट्यशिबिराला निघतात, तेव्हा त्यांच्या मनात साधारण हेच प्रश्न असतात. निवासी शिबिर असो की दिवसभराचं, तयारी फारशी बदलत नाही. उत्तरं नट म्हणून येणाऱ्यांसाठी आहेत. पालकांसाठीचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

शिबिराआधी नेमकी कशाची तयारी करायची?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे शरीराचा, वाणीचा, वेशभूषा-रंगभूषेचा आणि आतून उमटणाऱ्या भावाचा. यातले पहिले दोन घरी राहून तयार करता येतात. आहार्य शिबिरात मिळेल. सात्त्विक अभिनय घरी आरशासमोर उभं राहून तयार करायला गेलात तर उलट अडचण होते.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या पानाचा रोख इथेच आहे. मन लावून तयारी करणारी मुलं बऱ्याचदा संवाद, त्यांचे चढउतार, हातवारे, थांबे, डोळ्यांत पाणी कुठे आणायचं, असं सगळं घरून ठरवून येतात. तालमीत समोरचा नट वेगळ्या सुरात बोलतो, दिग्दर्शक वेगळ्या जागी उभं करतो, आणि मग यांना काहीच सोडवत नाही. दिग्दर्शकाला ठरीव अभिनय मोडण्यातच पहिले दिवस घालवावे लागतात. म्हणून शब्द पक्के असू द्या, आवाज मोकळा असू द्या, अंग हलकं असू द्या. पण वाक्य कसं म्हणायचं याचा निर्णय समोरच्या माणसाला पाहिल्याशिवाय करू नका.

मी याआधी कधीच नाटकात काम केलेलं नाही. चालेल का?

चालेल. नवख्यांना घेणार नसतील, तर तसं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अनुभव नसलेल्या मुलांना सवयी मोडाव्या लागत नाहीत, हा त्यांचा फायदाच. फक्त एक करा: जाण्याआधी एक तरी नाटक प्रेक्षागृहात बसून पाहा आणि एक तरी पूर्ण संहिता मोठ्याने वाचा. नाटक डोळ्यांनी वाचणं आणि तोंडाने वाचणं यांत फार अंतर आहे.

निवडचाचणीसाठी स्वगत मागितलं आहे. कसं निवडू?

वेळेची मर्यादा दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर दीड मिनिटाच्या आसपास थांबा. परीक्षकांना तुमचा आवाज, शरीर आणि समज कळायला तेवढं पुरतं.

आपल्या वयाच्या जवळचं पात्र घ्या. सोळाव्या वर्षी सत्तरीतल्या राजाचं दुःख साकारायचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्यात तुम्ही दिसत नाही, फक्त तुमचा प्रयत्न दिसतो. ज्या उताऱ्यात पात्राला कोणाकडून तरी काहीतरी हवं आहे, असा उतारा शोधा. परवानगी हवी आहे, माफी हवी आहे, कोणाला थांबवायचं आहे, सत्य वदवून घ्यायचं आहे. नुसती आठवण सांगणारं स्वगत ऐकायला गोड असतं, पण नटाला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. उताऱ्याच्या सुरुवातीला पात्र जिथे असतं तिथेच शेवटी राहत असेल, तर दुसरा उतारा पाहा.

पहिल्या ओळीपासून किंचाळणं किंवा रडणं आहे असे उतारे टाळा. तिथून पुढे जायला जागा नसते. गाजलेल्या नटाची चित्रफीत पाहून बसवलेलं स्वगतही टाळा. परीक्षकांच्या कानात मूळ आवाज असतो आणि तुमचा आवाज त्याच्याशी तोलला जातो.

स्वगत ज्या नाटकातलं आहे ते नाटक पूर्ण वाचा. ‘याच्या आधी काय घडलं?’ असं परीक्षक हमखास विचारतात. सादर करताना समोरचं अदृश्य पात्र परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर, त्यांच्या मागे कल्पा. थेट त्यांच्या डोळ्यांत पाहून बोललात तर त्यांना तुमच्यासोबत अभिनय करावा लागतो आणि लिहिता येत नाही.

आयत्या वेळी दिलेला उतारा वाचायला लावतात, तेव्हा काय करावं?

आधी उतारा मनात एकदा वाचून घ्यायला वेळ मागा; बहुतेक वेळा मिळतो. मग वाक्याचा पहिला तुकडा डोळ्यांनी उचला, मान वर करा आणि समोरच्याला म्हणा. सगळा उतारा कागदात डोकं घालून बिनचूक वाचण्यापेक्षा, दोन जागी अडखळून पण समोरच्याकडे पाहून वाचणं परीक्षकांना जास्त काही सांगतं. घरी रोज वर्तमानपत्रातली एखादी बातमी अशी वाचलीत तर आठवड्याभरात सवय होते.

पाठांतर होतं, पण उभं राहिलं की उडून जातं. उपाय काय?

बहुतेकदा कारण एकच असतं. संवाद पुन्हा पुन्हा वाचले जातात, पण कागद बाजूला ठेवून आठवायचा सराव होत नाही. वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण पाठांतर समजतो. हाताने ओळ झाका, म्हणून पाहा, अडलात तरी लगेच उघडू नका, थोडं झगडा. ते झगडणंच आठवण पक्की करतं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो स्वतः पाठ करत असे. पाठ केल्यावर सुरुवातीच्या काळातच सर्वाधिक विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. आपल्या कामाचा भाग असा: एका रात्री तीन तास घासण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये झोप घेऊन, असं पाठ केलेलं जास्त टिकतं.

पाठ करताना सूर सपाट ठेवा. एका चालीत पाठ झालेला संवाद त्या चालीतून पुन्हा बाहेर निघत नाही. स्वतःच्या ओळीइतकीच तिच्या आधीची समोरच्याची ओळ पाठ करा, कारण तुमचं वाक्य तिथून उगवतं. पुढे प्रत्येक ओळीला ‘मी हे आत्ता का म्हणतोय?’ असं विचारा. ज्या ओळी सारख्या विसरल्या जातात त्यांचं कारण बहुधा तुम्हाला कळलेलं नसतं. शेवटी भांडी आवरताना, जिना चढताना, चेंडू झेलत म्हणून पाहा. अंग कामात गुंतलेलं असताना संवाद येत असेल तरच तो रंगमंचावर येईल.

आणि जसं लिहिलं आहे तसंच पाठ करा. ‘साधारण अर्थ तोच’ हे चालत नाही. लेखकाने ‘मी जाणार नाही’ लिहिलं आहे आणि तुम्ही ‘नाही जाणार मी’ म्हणालात, तर पात्र बदललं. शिवाय तुमच्या शेवटच्या शब्दावर कोणाची तरी एन्ट्री किंवा प्रकाशातला बदल अवलंबून असतो.

भूमिका आधीच कळली आहे. अभ्यास कसा करू?

रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांनी 1898 मध्ये नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासोबत मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं आणि नटाच्या अभ्यासाला एक पद्धत दिली. तिची पहिली पायरी म्हणजे संहितेत दिलेली परिस्थिती नीट गोळा करणं: मी कोण, कुठे आहे, कोणती वेळ, आत्ताच काय घडून गेलं, मला काय हवं आहे, आडवं कोण येतंय. उत्तरं शक्यतो संहितेतून काढा आणि कुठल्या पानावरून काढलीत ते लिहून ठेवा. पात्राच्या लहानपणाची लांबलचक कहाणी रचण्यात मुलांना मजा वाटते, पण प्रसंगात जे उपयोगी पडत नाही ते मागे ठेवा.

एक सवय मात्र जरूर लावून घ्या. प्रसंगाच्या समासात भावना लिहू नका, क्रिया लिहा. ‘रागात’ लिहिलंत तर तुम्ही राग दाखवायला लागाल. ‘हिणवते’, ‘चाचपडतो’, ‘विषय टाळते’, ‘मन वळवतो’ असं लिहिलंत तर समोरच्याशी काहीतरी कराल, आणि राग यायचा असेल तर त्यातून येईल. पुढे तालमीत ही क्रियापदं बदलतील, म्हणून पेन्सिलीने लिहा.

माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. ओरडून बोलायचं का?

नाही. ओरडताना गळा आवळला जातो, आवाज चिरतो आणि शब्दही अस्पष्ट होतात. पोहोचणाऱ्या आवाजाच्या मुळाशी श्वास असतो. पाठीवर झोपा, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना हात वर आला पाहिजे, खांदे नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो, पोट त्यामुळे पुढे येतं. हे जमल्यावर उभं राहून ‘स्स्स’ असा एकसारखा श्वास सोडा. मग ओठ मिटून गुणगुणा; ओठांना आणि नाकाच्या बाजूंना कंप जाणवला पाहिजे. त्यानंतर स्वर, मग शब्द. रोज दहा मिनिटं पुरेत, पण रोज.

मराठीत बोलणाऱ्या नटाची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवख्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी त्याला काल तिथे पाहिलं’ यातलं ‘पाहिलं’ गिळलं गेलं की प्रेक्षकांना काय घडलं तेच कळत नाही. ‘नाही’ गिळलं तर अर्थच उलटतो. संवाद घेऊन प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा आणि तिथपर्यंत श्वास पुरवायचा सराव करा. मागच्या रांगेत ऐकू न येण्याच्या बऱ्याच तक्रारी एवढ्याने मिटतात. शिवाय ‘ख, घ, थ, ध, भ’ यांतला हकार स्पष्ट उमटू द्या. ‘चंद्र’ आणि ‘चाक’, ‘जन्म’ आणि ‘जाळं’ यांतले वेगळे उच्चार जपा. स्वतःची बोली मात्र पुसून टाकू नका. स्पष्टता आणि प्रमाण भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पात्राला कोणती बोली हवी हे दिग्दर्शक ठरवतील.

गळ्याची काळजी साधी आहे. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, सारखं खाकरू नका, घसा बसला असेल तर कुजबुजून बोलण्याऐवजी गप्प राहा. जोर लावून कुजबुजल्यानेही ताण येतो. मुलांचा आवाज या वयात फुटतो, कारण स्वरयंत्र वाढत असतं. तो मध्येच चिरकला तर लाजू नका आणि जबरदस्तीने खालची पट्टीही लावू नका. शिबिरात आधीच सांगून ठेवा.

कपडे कसे न्यावेत?

ज्यात जमिनीवर लोळता येईल, हात पूर्ण वर करता येतील आणि मळले तर वाईट वाटणार नाही असे. मोठी चित्रं किंवा अक्षरं नसलेले, शक्यतो एकरंगी. एक संपूर्ण काळा जोड घ्या; विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, काम पडलं तर लागतो. घसरणार नाहीत असे बूट. लांब केस बांधायला रबर. अंगठ्या, लोंबणारी कानातली, घड्याळ घरी राहू द्या.

आणि बॅगेत?

छापील संहिता, पेन्सिली, खोडरबर, वही, पाण्याची बाटली, टॉवेल, नेहमीची औषधं. दम्याचा पंप असेल तर तो खोलीत नाही, तालमीच्या जागी हवा. संहितेवर नाव घाला, तालमीत सगळ्यांच्या प्रती सारख्याच दिसतात.

उत्स्फूर्त अभिनयाची भीती वाटते. मला ऐन वेळी काही सुचत नाही.

सुचावं लागत नाही, ऐकावं लागतं. अमेरिकी नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांसोबत आणि मोठ्यांसोबत काम करताना जे नाट्यखेळ विकसित केले, त्यांतूनच आजच्या शिबिरांतले कितीतरी खेळ आले आहेत. त्या खेळांत सगळ्यांचं लक्ष एखाद्या ठोस गोष्टीकडे लागलेलं असतं: नसलेला चेंडू फेकणं, आरशासारखी एकमेकांची हालचाल पकडणं. लक्ष तिकडे गेलं की ‘मी कसा दिसतोय’ हा विचार आपोआप मागे पडतो.

समोरच्याने जे मांडलं ते खरं माना आणि त्यात थोडी भर घाला. तो म्हणाला, ‘डॉक्टर, हात दुखतोय,’ तर ‘मी डॉक्टर नाही’ म्हणून खेळ तोडू नका, हात बघा. हशा मिळवायच्या मागे लागू नका. घरी सराव करायचा असेल तर कुठल्याही दोघांचं संभाषण पाच मिनिटं मध्ये न बोलता ऐका आणि नंतर लिहून काढा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी आठवेल, आणि पुढच्या वेळी कान जास्त उघडे राहतील.

रंगमंचावर उजवी-डावी कोणाची?

नटाची. प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात ती रंगमंचाची उजवी. प्रेक्षकांच्या जवळचा भाग डाउनस्टेज, मागचा अपस्टेज. दिग्दर्शकांनी दिलेली प्रत्येक हालचाल त्या ओळीशेजारी लगेच लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तालीम थांबते.

दिग्दर्शक सर्वांसमोर चुका सांगतात. वाईट वाटतं.

सूचना लिहून घ्या, ‘हो’ म्हणा, पुढच्या वेळी करून दाखवा. तिथल्या तिथे कारणं देण्यात सगळ्यांचा वेळ जातो. सूचना समजली नसेल तर मात्र जरूर विचारा. दुसऱ्याला दिलेली सूचनाही लिहा, ती बऱ्याचदा आपल्यालाही लागू असते. सूचना कामाबद्दल न राहता कोणी तुमच्या दिसण्यावर, शरीरावर किंवा घरावर बोलत असेल, तर ती सूचना नव्हे. ते जबाबदार व्यक्तीला सांगा.

मोठी भूमिका मिळाली नाही तर?

वाईट वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. यादी लागल्यावर थोडा वेळ बाजूला जा, घरी फोन करा, रडू आलं तर रडा. निवड करणाऱ्यांना मात्र पूर्ण संच जुळवायचा असतो: उंची, आवाजांचा मेळ, कोणासमोर कोण उभं राहील. त्यामुळे भूमिका न मिळणं म्हणजे अभिनय न येणं नाही.

समूहातल्या नटाला जे शिकायला मिळतं ते प्रमुख भूमिकेतल्याला क्वचितच मिळतं. संवाद नसताना रंगमंचावर खरं राहणं हे अवघड काम आहे. गर्दीतल्या माणसाला नाव द्या, तो इथे कशासाठी आला आहे ते ठरवा, पण प्रसंगाचा केंद्रबिंदू जिथे आहे तिथून नजर खेचून घेऊ नका. मोकळ्या वेळात प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी यांच्याकडे जाऊन बसा, मदत मागा. प्रकाशाचा झोत अंगावर कसा घ्यायचा हे प्रकाशयोजनाकाराशेजारी बसून पटकन कळतं.

आणि ज्याला तुम्हाला हवी असलेली भूमिका मिळाली, त्याला त्याच दिवशी अभिनंदन सांगा. पुढचे सगळे दिवस सोपे होतात.

मारामारीचे किंवा स्पर्शाचे प्रसंग असतील तर?

रंगमंचावरची मारामारी नाचासारखी बसवलेली असते. ती आधी संथ गतीत बसवतात, वेग नंतर वाढतो, आणि प्रयोगात एकही हालचाल आयत्या वेळी बदलायची नसते. नजरेने ‘तयार?’ विचारल्याशिवाय सुरुवात करत नाहीत, आणि मार खाणाऱ्या नटाच्या हातात बऱ्याच गोष्टींचं नियंत्रण असतं. केस ओढण्याच्या प्रसंगात ओढणारा फक्त मूठ डोक्यावर ठेवतो. ज्याचे केस ओढले जातात तोच ती मूठ धरून स्वतःला हलवतो. खोलीवर जाऊन आपल्या आपण मारामारी बसवू नका, मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय अजिबात नको.

स्पर्शाबद्दल: मिठी, हात धरणं, खांद्यावर डोकं ठेवणं, काहीही आधी विचारून. ‘मला हे नको’ एवढं म्हणणं पुरेसं आहे, कारण द्यावं लागत नाही. काल हो म्हटलेलं आज नको वाटलं तरी सांगता येतं. प्रसंग दुसऱ्या पद्धतीने बसवता येतो, ते दिग्दर्शकाचं कामच आहे. नकार दिल्यामुळे कोणी भूमिका काढून घ्यायची धमकी देत असेल, तर त्याच दिवशी घरी आणि आयोजकांना कळवा.

प्रयोगाआधी हातपाय कापतात.

अॅड्रेनलिन वाढलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. अनुभवी नटांनाही होतं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: चार अंक मोजत आत, सहा-आठ मोजत बाहेर, काही वेळा. तळवे जमिनीवर घट्ट टेकवा. विंगेत शेवटच्या क्षणी सगळी संहिता मनात उजळू नका. फक्त पहिली ओळ आणि ‘मी आत का जातोय’ एवढंच. आत गेल्यावर समोरच्या नटाच्या चेहऱ्याकडे खरोखर पाहा.

संवाद विसरलाच तर गप्प राहा, पात्रातच राहा, समोरच्याकडे पाहा. दोन क्षणांत एकतर ओळ येते किंवा तो सावरून घेतो. ‘सॉरी’ म्हणू नका.

मोबाइल नेऊ का?

शिबिराच्या नियमाप्रमाणे. परवानगी असली तरी तालमीत बंद ठेवा. सहकाऱ्यांच्या तालमीची चित्रफीत त्यांना न विचारता काढू नका आणि कुठेही टाकू नका.

पालकांनी आयोजकांना काय विचारावं?

रात्री मुलांसोबत कोण असतं, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासली आहे का, तक्रार कोणाकडे करायची, जवळचा दवाखाना किती दूर आहे, दिवसात विश्रांती किती, संहिता या वयाला योग्य आहे का. ॲलर्जी, औषधं, जुनी दुखापत, घेरी येण्याचा त्रास हे अर्जात लपवू नका. भूमिका जाईल या भीतीने मुलं गुडघ्याचं दुखणं सांगत नाहीत, ते पालकांनी सांगावं.

शेवटच्या आठवड्यात काय करू?

झोप पूर्ण करा. 13 ते 18 वयोगटाला रोज 8 ते 10 तास झोप हवी, असं निद्राविकारतज्ज्ञ सांगतात, आणि शिबिरात ती कमीच मिळते. शिबिराच्या वेळेला उठायची सवय आधीच लावा. रोज थोडं चाला, ताण देणारे हलके व्यायाम करा, पण नवीन अवघड व्यायाम आता सुरू करू नका. संवाद दिवसातून एकदा म्हणा आणि सोडून द्या. सर्दी-ताप आला तर लपवून जाऊ नका. एका खोलीत वीसजण श्वासाचे व्यायाम करत असतात, दोन दिवसांत सगळ्यांचे आवाज बसतात. आयोजकांना फोन करून एखादा दिवस उशिरा आलं तर चालेल का ते विचारा.